वाळवंटातील जलाशयाच्या सहलीचा आराखडा : नौपाड्यातील एका नियोजन सेवेचे परीक्षण

ठाण्यात नौपाड्यामध्ये एका दांपत्याने चालवलेली सहल-नियोजनाची छोटी कचेरी आहे. ही मंडळी विमानाची तिकिटे विकत नाहीत, हॉटेलांकडून दलाली घेत नाहीत आणि बसभर माणसे गोळा करून कुठे नेतही नाहीत. ठरावीक शुल्क घेऊन ती केवळ प्रवासाचा आराखडा तयार करून देतात. त्यातील आरक्षणे ज्याची त्याने करायची असतात. अमेरिकेत ॲरिझोना आणि यूटा या राज्यांच्या सीमेवर पसरलेल्या लेक पॉवेल या जलाशयाच्या सहलीसाठी आम्ही त्यांच्याकडून असा आराखडा करून घेतला आणि तो जवळजवळ जसाच्या तसा अमलात आणला. या परीक्षणाचा उपयोग कोणत्याही नियोजकाला पारखून घेण्यासाठी व्हावा अशी इच्छा असल्याने कचेरीचे नाव मुद्दाम देत नाही. माझे मत मात्र आरंभीच नोंदवते. वाळवंटातील जलाशयाची सहल आखताना पहिला प्रश्न हॉटेलचा नसतो, तारखांचाही नसतो. तो पाण्याच्या पातळीचा असतो. हे ज्या नियोजकाला कळते त्याला दिलेले पैसे सत्कारणी लागतात, आणि या मंडळींना ते नेमके कळलेले आहे.

आमची गरज साधी होती. नणंदेचा मुलगा फिनिक्सला नोकरीला आहे. त्याच्याकडे जाणार होतो मी, माझे पती आणि सासूबाई. तिकडून भाचा, त्याची पत्नी आणि त्यांची लहान मुलगी सोबत येणार होती. ग्रँड कॅन्यन आणि लास व्हेगास हा मुलांकडे जाणाऱ्या बहुतेक ठाणेकरांचा ठरलेला रस्ता आहे, आणि तो वाईट नाही. परंतु सासूबाईंना उंच कड्यावरून खाली पाहण्यात रस नव्हता. त्यांना पाण्यात, बोटीत बसून फिरायचे होते. मासुंदा तलावाच्या काठी ज्यांचे अर्धे आयुष्य गेले आहे त्यांना असे वाटणे स्वाभाविकच म्हणावे लागेल. तयार पॅकेजांत लेक पॉवेलकाठच्या पेज या गावी फार तर एक रात्र मुक्काम असतो. हॉर्सशू बेंड या नदीच्या नालाकृती वळणाचा फोटो, ॲन्टलोप कॅन्यन या अरुंद दरीची फेरी आणि जलाशयाचे दर्शन धावत्या गाडीतून, इतकेच त्यात बसते. आम्हाला जलाशय हाच मुख्य मुक्काम हवा होता, म्हणून आम्ही या कचेरीत गेलो.

पहिल्या भेटीत त्यांनी आम्हाला हॉटेलांची यादी दाखवली नाही. टेबलावर त्यांनी जलाशयाच्या पातळीचा अनेक वर्षांचा आलेख ठेवला आणि त्यावरच आमचा जवळजवळ सगळा वेळ गेला. हा आलेख का महत्त्वाचा आहे हे समजायला आपल्या धरणांची सवय थोडी बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे भातसा काय किंवा नवी मुंबईला पाणी देणारे मोर्बे काय, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत भरते, आणि ऑगस्टमध्ये सहलीला गेल्यास पाणी असणार हे गृहीत धरता येते. लेक पॉवेलवर पडणारा पाऊस जमेस धरण्यासारखाच नाही. पेज येथे संपूर्ण वर्षात जेवढा पाऊस होतो तेवढा ठाण्यात जुलैतल्या एखाद्या मुसळधार दिवशी होऊन जातो. हा जलाशय भरतो तो शेकडो मैल दूर असलेल्या रॉकी पर्वतातील बर्फावर. हिवाळ्यात तिथे किती बर्फ साचले आणि वसंतात ते वितळून कोलोरॅडो नदीत किती उतरले, यावर उन्हाळ्यातली पातळी ठरते. आणि नदीच्या खालच्या अंगाच्या राज्यांना किती पाणी सोडायचे याचे हिशेब १९२२ च्या कोलोरॅडो नदी करारापासून चालत आलेल्या नियमांनी होतात. हा जलाशय ज्यामुळे झाला त्या ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे १९६३ मध्ये बंद झाले आणि जलाशय प्रथम पूर्ण भरला तो १९८० मध्ये. तो भरायला सतरा वर्षे लागली, ही एकच गोष्ट आमच्या मनातली धरणाची कल्पना बदलायला पुरेशी होती.

आकार सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. धरणाची उंची ७१० फूट, म्हणजे सुमारे २१६ मीटर. कोयना धरणाच्या दुपटीहून थोडी अधिक. जलाशयाची पूर्ण क्षमता आपल्या हिशेबाने हजार टीएमसीच्या वर जाते, म्हणजे कोयनेच्या साधारण दहापट. पूर्ण भरल्यावर त्याची लांबी १८६ मैल होते, आणि मुख्य पात्राला दोन्ही बाजूंनी मिळणाऱ्या असंख्य अरुंद दऱ्यांमुळे किनारा तब्बल १,९६० मैलांचा होतो. समुद्रसपाटीपासून ३,७०० फूट ही त्याची पूर्ण पातळी आहे. २०२३ च्या आरंभी पाणी या पातळीच्या सुमारे १८० फूट खाली गेले होते, जलाशय भरल्यापासूनची ती सर्वांत नीच नोंद होती. आणि त्याच वर्षी हिवाळ्यात भरपूर बर्फ पडल्यामुळे उन्हाळ्यापर्यंत ते ६० फुटांहून अधिक चढलेही. एका वर्षात सहा मजली इमारतीच्या उंचीइतका जलस्तर हलणाऱ्या ठिकाणी मागच्या वर्षी जाऊन आलेल्या परिचितांचा सल्ला कितपत उपयोगी पडेल, हे नियोजकांनी आम्हाला सौम्य शब्दांत, पण स्पष्ट विचारले. माझ्या वहीत अशा सल्ल्यांची पानेच्या पाने होती. ती मी त्या दिवशी बंद केली.

नियोजकांची पद्धत मला फार आवडली. अमेरिकेचे ब्युरो ऑफ रेक्लमेशन हे खाते लेक पॉवेलची पातळी रोज जाहीर करते, आणि दर महिन्याच्या मध्यास पुढील २४ महिन्यांचा अंदाज देते. त्यात सर्वाधिक संभाव्य, किमान आणि कमाल अशा शक्यता मांडलेल्या असतात. दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय उद्यान सेवा, बोटी पाण्यात उतरवण्याचा कोणता उतार किती पातळीपर्यंत वापरता येतो याची माहिती देते. या दोन सरकारी माहित्या एकमेकींशेजारी ठेवून नियोजकांनी आमच्यासाठी एक पानी तक्ता केला: आमच्या तारखांना पाणी साधारण कुठे असेल, त्या पातळीला कोणता धक्का चालू असण्याची शक्यता आहे, कोणत्या दरीत बोट शिरू शकेल आणि कुठे फक्त चिखल असेल. ही माहिती कोणालाही विनामूल्य मिळते, हे त्यांनी स्वतःच सांगितले. शुल्क आहे ते तिचा आपल्या कुटुंबापुरता अर्थ लावून देण्याचे.

त्या तक्त्याचा उपयोग सर्वांत जास्त कुठे झाला ते सांगते. पेजजवळ वाहवीप नावाचा मोठा धक्का आहे आणि बहुतेक पर्यटक तिथूनच बोट भाड्याने घेतात. वाहवीपच्या खाडीतून पुढच्या वॉर्म क्रीक खाडीत जाण्यासाठी खडकांमधून एक जवळची वाट आहे, तिला कॅसल रॉक कट म्हणतात. पाणी पुरेसे असेल तर या वाटेने थोडक्यात पलीकडे पोहोचता येते. पाणी उतरले की वाट कोरडी पडते आणि ॲन्टलोप बेटाला वळसा घालून मुख्य पात्रातून लांबचा फेरा घ्यावा लागतो. अर्ध्या दिवसासाठी घेतलेल्या बोटीचा मोठा वेळ आणि इंधनाचे बरेच पैसे मग या फेऱ्यातच जातात. आमच्या तारखांना ही वाट बंद असणार असा त्यांचा अंदाज होता, म्हणून त्यांनी बोट वाहवीपहून न घेता मुख्य पात्रावरच असलेल्या ॲन्टलोप पॉइंट या धक्क्यावरून घ्यायला सांगितले. तिथून नवाहो कॅन्यन ही जलाशयाची उपदरी जवळ पडते. आम्ही गेलो तेव्हा वाट खरोखरच बंद होती, आणि अर्ध्या दिवसातला जवळजवळ सगळा वेळ आम्हाला दरीत घालवता आला.

तारखा निवडतानाही पातळी आणि हवामान यांचा एकत्र विचार त्यांनी केला. बर्फाचे पाणी एप्रिलनंतर येऊ लागते आणि जलाशय साधारणपणे जून-जुलैत वर्षातल्या सर्वोच्च पातळीवर असतो, त्यामुळे पाण्यापुरते पाहिले तर जूनअखेर उत्तम. परंतु त्याच सुमारास सावलीतले तापमान ४० अंशांपर्यंत जाऊ शकते, उघड्या वालुकाश्मावरून ऊन परतून अंगावर येते आणि सावली नावाला नसते. जुलैच्या आरंभापासून तिथला पावसाळी हंगाम सुरू होतो. दुपारची वादळे आणि कोरड्या दऱ्यांत अचानक येणारे लोंढे हा त्याचा धोका आहे. मार्च ते मे या काळात वारा जोरदार असतो. सप्टेंबरच्या अखेरीस पातळी थोडी उतरलेली असते, पण पाणी अजून उबदार असते, ऊन सोसवते आणि शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी ओसरलेली असते. ऐंशीच्या घरातल्या सासूबाई आणि लहान मूल सोबत असल्याने त्यांनी सप्टेंबरची अखेर सुचवली. गणपती आटोपून निघता येत असल्याने घरातूनही त्याला कोणाची हरकत आली नाही.

घड्याळाचा प्रश्न त्यांनी जितक्या काळजीने हाताळला तितका मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेला नाही. ॲरिझोना राज्यात उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करत नाहीत. शेजारच्या यूटात करतात. पेज ॲरिझोनात आहे, परंतु पेजच्या भोवतालचा मोठा प्रदेश नवाहो लोकांच्या स्वायत्त राष्ट्राचा आहे, आणि ॲरिझोनात असूनही तिथे घड्याळे पुढे केली जातात. जलाशयाचा बहुतांश भाग यूटात येतो. परिणामी मोबाइल ज्या मनोऱ्याशी जोडला जाईल त्याप्रमाणे त्यावरची वेळ एका तासाने मागेपुढे होत राहते. आमच्या आराखड्यातील प्रत्येक वेळेपुढे ‘पेजची वेळ’ असे छापलेले होते, आणि एक साधे मनगटी घड्याळ त्या वेळेला लावून दिवसभर त्यावरच विसंबावे, असे पहिल्याच पानावर ठळक लिहिलेले होते. भाच्याचा फोन एकाच सकाळी दोन वेळा दाखवू लागला तेव्हा या सूचनेची किंमत सर्वांनाच कळली.

प्रत्यक्ष जलाशयाविषयी लिहायला हवे, कारण आराखडा कितीही चांगला असला तरी ठिकाण तोलामोलाचे नसेल तर त्याला अर्थ नाही. लेक पॉवेल माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही पाण्यासारखा नाही. तांबूस वालुकाश्माच्या उभ्या भिंती सरळ पाण्यात उतरलेल्या आहेत. किनाऱ्यावर झाड नाही, गाव नाही, देऊळ नाही. पाणी जिथवर कधी होते तिथवर खडकावर क्षारांचा पांढरा पट्टा उमटलेला आहे, आणि बोटीत बसून वर पाहिले की तो डोक्यावर कितीतरी मजले उंच दिसतो. दुष्काळाची पातळी इतक्या उघडपणे भिंतीवर लिहिलेली मी कुठेच पाहिली नव्हती. नवाहो कॅन्यनमध्ये शिरल्यावर भिंती जवळ येत जातात, वारा थांबतो आणि बोटीच्या इंजिनाचा आवाज दोन्हीकडून परत येतो. दरीच्या टोकाशी पाणी उथळ होते आणि वाळूचा काठ लागतो, तिथे आम्ही बोट थांबवली आणि भाचा, त्याची पत्नी आणि मुलगी लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरली. सासूबाई बोटीच्या छताखाली बसून राहिल्या, त्यांनी हात बाहेर काढून पाण्यात धरला आणि ‘हे पाणी खारे नाही ना गं?’ असे मला विचारून खात्री करून घेतली. एवढ्या उघड्यावाघड्या वाळवंटात गोडे पाणी असावे हे त्यांना पटतच नव्हते.

या पाण्याखाली काय गेले हेही नियोजकांनी आराखड्याला जोडलेल्या टिपणात दिले होते, आणि त्याबद्दल मी त्यांची विशेष ऋणी आहे. एक हात गमावलेले जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८६९ मध्ये लाकडी होड्यांतून कोलोरॅडो नदीचा प्रवास केला. ग्लेन कॅन्यन हे नाव त्यांच्याच मोहिमेने दिलेले, आणि तीच दरी पुढे बुडवून झालेल्या जलाशयाला त्यांचे नाव देण्यात आले. पाणी उतरू लागल्यापासून बुडालेल्या काही उपदऱ्या पुन्हा उघड्या पडत आहेत. ‘कॅथीड्रल इन द डेझर्ट’ नावाची खोल दरी २००५ च्या सुमारास अनेक दशकांनंतर वर आली होती. धरण हवे की नको या वादात मला शिरायचे नाही, परंतु आपण ज्यावर फिरतो आहोत त्याच्या खाली एक संपूर्ण दरी आहे, ही जाणीव असताना फिरणे आणि नसताना फिरणे यांत फार अंतर पडते. ज्यांना याहून पुढे जायचे असेल त्यांच्यासाठी रेनबो ब्रिज आहे: २९० फूट उंचीची दगडाची नैसर्गिक कमान, १९१० पासून संरक्षित. वाहवीपहून तिथे बोटीने जाऊन येण्यात दिवसाचा मोठा भाग जातो, आणि धक्क्यापासून कमानीपर्यंत किती चालावे लागेल हेही पाण्याच्या पातळीवरच अवलंबून असते. स्थानिक आदिवासी समाजांसाठी ती जागा पवित्र असल्याने कमानीखालून चालू नये अशी विनंती केली जाते. सासूबाईंसाठी तो बेत नियोजकांनी आराखड्यातून काढून टाकला होता, आणि ते योग्यच होते.

सुरक्षिततेच्या सूचना थोडक्यात आणि नेमक्या होत्या. १२ वर्षे व त्याखालील मुलांनी चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घातलेच पाहिजे, हा नियम आहे. मोठ्यांनीही ते अंगावरच ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता, कारण जलाशयावर जीवरक्षक नसतात आणि दरीच्या भिंतींवर आपटून परतणाऱ्या लाटा पट्टीच्या पोहणाऱ्यालाही दमवतात. १५ फूट किंवा त्याहून उंच कड्यावरून उडी मारण्यास बंदी आहे. इंजिन किंवा जनरेटर चालू असताना बोटीच्या मागच्या बाजूला पोहू नये, कारण तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो. नुकतेच पाणी उतरलेल्या काठावर पाय खोल रुततात, म्हणून आधी काठीने चाचपावे. प्रत्येक माणसामागे दिवसाला चार लिटर पिण्याचे पाणी सोबत असावे. ही शेवटची सूचना आम्हाला अतिरेकी वाटली होती, पण दुपारपर्यंत बाटल्या निम्म्या झाल्या. त्या कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही.

ॲन्टलोप कॅन्यनविषयी फार लिहीत नाही, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ती दरी नवाहो राष्ट्राच्या अखत्यारीत येते आणि तिथे अधिकृत वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. लोअर भागात उभ्या शिड्या असल्याने सासूबाईंसाठी अप्पर भाग निवडावा, असे आराखड्यात होते. १९९७ मध्ये ऑगस्टमधल्या एका लोंढ्यात या दरीत ११ पर्यटक वाहून गेले. तो पाऊस दरीवर पडला नव्हता, वरच्या अंगाला पडला होता. त्यामुळे डोक्यावर निळे आकाश असतानाही वाटाड्याने फेरी रद्द केली तर हुज्जत घालू नये, हे नियोजकांचे वाक्य मला मोलाचे वाटले. ग्लेन कॅन्यन धरणाशेजारचे कार्ल हेडन अभ्यागत केंद्र आणि हॉर्सशू बेंड हे दोन्ही एका सकाळी होतात. जलाशयाभोवतीच्या, राष्ट्रीय उद्यान सेवेच्या क्षेत्राचे प्रवेशशुल्क गाडीमागे घेतले जाते, आम्ही गेलो तेव्हा ते ३० डॉलर होते, आणि पावती सात दिवस चालते.

जेवणाची व्यवस्था हा आराखड्याचा दुबळा भाग नव्हता, पण विशेषही नव्हता. पेज लहान गाव आहे. शाकाहारी माणसाला तिथे पिझ्झा, मेक्सिकन पदार्थ आणि सॅलड यांवर भागवावे लागते. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, किराणा गावातल्या मोठ्या दुकानातून घ्या आणि मेतकूट, भाजणी व चटण्या ठाण्याहून न्या, एवढेच त्यांनी लिहिले होते. ते पुरेसे होते.

आता उणिवा. पहिली उणीव गंभीर आहे आणि ती त्यांच्या मुख्य बलस्थानाच्या अगदी शेजारची आहे. पाणी खाली गेले की बोटींचा तरंगता धक्काही खाली जातो, आणि पार्किंगपासून धक्क्यापर्यंत उतरणारी वाट लांब आणि तीव्र उताराची होते. नियोजकांनी पातळीचा विचार बोटीच्या अंगाने पूर्ण केला होता, मात्र गुडघे दुखणाऱ्या वृद्ध व्यक्तीला तो उतार उतरून परत चढावा लागेल याचा विचार केला नव्हता. आराखड्यात ‘धक्क्यावर पोहोचा’ एवढेच होते. उतरताना सासूबाईंना तीन-चार वेळा थांबावे लागले. येताना धक्क्यावरच्या कर्मचाऱ्यांनी आपणहून छोट्या विजेरी गाडीतून त्यांना वर आणून सोडले. अशा गाडीची विचारणा आधी करता येते, ही एक ओळ आराखड्यात असती तर सासूबाईंचा त्रास वाचला असता. परतल्यावर मी हे सांगितले तेव्हा त्यांनी ऐकून घेतले आणि पुढच्या आराखड्यांत प्रत्येक धक्क्याच्या उताराची माहिती घालू, असे म्हटले.

दुसरी उणीव संपर्काची. प्रवासात अडचण आल्यास व्हॉट्सॲपवर विचारा असे ते सांगतात, पण उत्तर देण्याची त्यांची वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे सकाळी ७ ते रात्री १० अशी आहे. ठाणे आणि पेज यांच्यात साडेबारा तासांचे अंतर आहे. म्हणजे पेजमध्ये सकाळी साडेनऊला त्यांचा दिवस संपतो आणि संध्याकाळी साडेसहाला पुन्हा सुरू होतो. ज्या वेळात माणूस पाण्यावर किंवा रस्त्यावर असतो नेमक्या त्याच वेळात ते उपलब्ध नसतात. दोघांनीच चालवलेल्या कचेरीकडून रात्रपाळीची अपेक्षा धरणे योग्य नाही हे मला मान्य आहे. पण तसे असेल तर ही मर्यादा शुल्क घेण्याआधी सांगावी. आम्हाला ती निघण्याच्या आदल्या आठवड्यात कळली. तिसरी बाब लहान आहे: सगळा आराखडा इंग्रजीत होता. सासूबाईंना दर संध्याकाळी उद्याचा बेत स्वतः वाचायचा असे, आणि तो मी त्यांना मराठीत लिहून देत असे. ज्यांचे बहुतेक ग्राहक ठाणे, डोंबिवली आणि वाशीचे मराठी ज्येष्ठ नागरिक आहेत त्यांनी मराठी प्रत द्यायलाच हवी.

शुल्क १२,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, इतके पडले. हे पूर्ण कुटुंबाचे, माणशी नव्हे. यात दोन भेटी, लेखी आराखडा आणि निघण्याच्या दोन आठवडे आधी पातळीचा नवा अंदाज पाहून केलेली एक दुरुस्ती येते. ही दुरुस्ती मला शुल्काचा सर्वांत सार्थ भाग वाटली. तिच्यामुळेच बोटीचा धक्का शेवटच्या क्षणी बदलता आला. परदेश प्रवासाच्या विम्यात जलक्रीडा वगळलेल्या आहेत का ते तपासून घ्या, ही आठवणही त्यांनी याच वेळी केली. ज्यांना फक्त ग्रँड कॅन्यन आणि लास व्हेगास पाहायचे आहे त्यांना या सेवेची गरज नाही, तयार पॅकेज त्यांना पुरेल. ज्यांचा मुक्काम लास व्हेगासलाच आहे आणि पेजपर्यंतचा चार-साडेचार तासांचा रस्ता नको आहे, त्यांना ही मंडळी हूवर धरणामागचा लेक मीड सुचवतात. तोही वाळवंटातलाच जलाशय, शहरापासून तासाभराच्या आत, आणि तिथेही पातळीचा हिशेब तसाच करावा लागतो. जुलै २०२२ मध्ये तो १९३० च्या दशकात भरू लागल्यानंतरच्या नीचांकाला पोहोचला होता.

त्यांच्याकडे जायचे ठरवलेच तर सप्टेंबरच्या सहलीसाठी एप्रिलच्या मध्यास जावे, कारण तोवर रॉकी पर्वतातील त्या हिवाळ्याचा बर्फाचा साठा कळलेला असतो आणि अंदाजातली अनिश्चितता बरीच कमी झालेली असते. जाताना प्रत्येकाचे वय, कोणाला पोहता येते, कोणाला सलग किती चालवते आणि कोणाला जिने-उतार जमत नाहीत, हे एका कागदावर लिहून न्यावे, आणि धक्क्यापर्यंतच्या उताराचे काय, हा प्रश्न त्यांना आपणच विचारावा. कचेरी पहिल्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे घरातील वृद्धांना सोबत नेण्याऐवजी त्यांच्याशी बोलणे फोनवर करून द्यावे. नियोजक त्यासाठी आनंदाने वेळ देतात.